सहीची जागा

कागद अगदी साधा होता. वर डेडस्टॉक रजिस्टरमधल्या, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतल्या, वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूपुढे संख्या, आणि तळाशी एक ओळ: ‘वरील सर्व वस्तू प्रत्यक्ष मोजून पाहिल्या असून त्या नोंदीशी जुळतात.’ त्या ओळीखाली उजव्या बाजूला माझे नाव आणि हुद्दा आधीच टाइप केलेला होता आणि त्याच्या वर सहीसाठी दोन बोटे रुंद जागा मोकळी सोडलेली होती. मी एकही वस्तू मोजलेली नव्हती. भांडाराची खोली त्या वर्षी उघडलीच गेली नव्हती असे म्हटले तरी चालेल. फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी वर जायची होती, ऑफिस सुटून अर्धा तास होऊन गेला होता, आणि माझे वरिष्ठ, जे एरवी अतिशय सभ्य आणि सहकाऱ्यांची काळजी घेणारे गृहस्थ होते, दाराशी उभे राहून म्हणाले, “अहो मॅडम, नुसती सही तर आहे. दरवर्षी अशीच जाते.” मी सही केली. तारीख पंधरा दिवस आधीची टाकली, कारण तीही तशीच टाकायची असते असे त्यांनी सांगितले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. त्या सहीमुळे कोणाचे नुकसान झाल्याचे कधी ऐकले नाही, चौकशी लागली नाही, वरून कोणी त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. तरीही ती दोन बोटे जागा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या संध्याकाळी मला कोणी धमकावले नव्हते. ख्रिस्ताला नाकार, असे कोणी म्हटले नव्हते; तसे म्हटले असते तर मी बहुधा ताठ उभी राहिले असते, कारण त्या प्रश्नाची तयारी रविवारच्या शाळेपासून माझ्याकडून करून घेतलेली होती. ज्याची तयारी कोणी करून घेतली नव्हती तो प्रश्न मऊ आवाजात, घरी जायच्या घाईत, एका चांगल्या माणसाच्या तोंडून आला, आणि त्याचे उत्तर द्यायला मला जेमतेम दहा सेकंद मिळाले.

रात्री घरी नेहमीप्रमाणे कौटुंबिक प्रार्थना झाली. मुलाने शास्त्रपाठ वाचला, पतीने प्रार्थना केली आणि शेवटी आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ या ओळीशी माझा आवाज थांबला. बाकीचे पुढे गेले, ‘आमेन’ झाले, दिवा मालवला गेला, पण मी त्याच ओळीवर होते. परीक्षेत मला कोणी आणले नव्हते. मी आपल्या पायांनी आत गेले होते, आणि आत गेल्यावर ही परीक्षा आहे हेदेखील मला ओळखू आले नव्हते.

‘जग’ हा शब्द आम्ही ख्रिस्ती लोक फार सहज वापरतो. जगाचा मोह, जगाची रीत, जगाकडे पाठ फिरवणे हे शब्द उपदेशात इतक्या वेळा कानांवर पडतात की त्यांची धार बोथट होऊन गेली आहे. पण पवित्र शास्त्रात हा शब्द सोपा नाही. देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि योहानाच्याच नावाच्या पहिल्या पत्रात जगावर प्रीती करू नका अशी स्पष्ट आज्ञा आहे. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच, ‘कॉसमॉस’. एके ठिकाणी तो माणसांविषयी आहे, ज्यांच्यासाठी ख्रिस्त मरण पावला. दुसऱ्या ठिकाणी तो त्या माणसांना वेढून असलेल्या एका घडीविषयी आहे, जी देवाला वगळून व्यवस्थित चालते आणि जिच्यात देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी यांच्या जोरावर सगळे व्यवहार होतात. माझे वरिष्ठ पहिल्या अर्थाने जग होते. ‘दरवर्षी अशीच जाते’ हे वाक्य दुसऱ्या अर्थाने जग होते. या दोहोंची गल्लत झाली की काही जण माणसांपासूनच दूर पळतात आणि काही जण माणसांवरच्या प्रेमापोटी त्यांची घडीही अंगावर चढवतात. मी दुसऱ्यांपैकी आहे, हे मला त्या रात्री कळले. त्यांना दाराशी ताटकळत ठेवायला मला संकोच वाटला होता. माझ्या सहीमागचे खरे कारण एवढेच होते.

प्रेषित पौलाने रोममधल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे की या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्या. मराठीत दोन्ही शब्दांत ‘रूप’ आहे, म्हणून ते वाक्य कानाला गोड लागते आणि आपण पुढे जातो. ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळ्या धातूंची क्रियापदे आहेत. पहिल्यात ‘स्खेमा’ आहे, म्हणजे बाहेरची ठेवण, ढब. दुसऱ्यात ‘मॉर्फे’ आहे, आणि हेच दुसरे क्रियापद मार्काने डोंगरावर येशूचे रूप पालटले त्या प्रसंगी वापरले आहे. ढब आपल्या नकळत अंगी लागते. एखाद्या घरात बरीच वर्षे राहिलेल्या माणसाची बोलण्याची लकब त्या घरासारखी होते, त्यासाठी त्याला काही करावे लागत नाही. समरूप होण्यासाठी मला त्या संध्याकाळी काहीच करावे लागले नव्हते. जी धार वाहत होती तिच्यात पाय सैल सोडले की झाले.

नव्या करारात देमास नावाचा एक माणूस आहे, ज्याच्याविषयी सहसा उपदेश होत नाही. त्याचे नाव तीन वेळा येते. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तो मार्क, अरिस्तार्ख आणि लूक यांच्याबरोबर पौलाचा सहकारी म्हणून सलाम सांगतो. कलस्सैकरांच्या पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे आणि देमासाचे नुसते नाव आहे, पुढे काही नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पौल कैदेत असताना आणि शेवट जवळ आलेला असताना, एकच वाक्य येते: देमासाला सध्याच्या युगाची आवड लागली, त्याने मला सोडले आणि तो थेस्सलनीकेला गेला. त्याने ख्रिस्ताला शाप दिला असे तिथे म्हटलेले नाही, पौलाला त्याने शत्रूच्या हाती दिले असेही नाही. तो एका शहराला गेला. थेस्सलनीका मोठे बंदर होते, तिथे काम होते, व्यापार होता, कदाचित त्याचे घरही असेल. मी देमासाचा विचार करते तेव्हा मला वाटते की गेल्यानंतरही तो तिथल्या मंडळीच्या उपासनेला जात असेल, आणि आपण विश्वास सोडला असे त्याला कधी वाटलेही नसेल. शास्त्र याबद्दल गप्प आहे, म्हणून हा केवळ माझा अंदाज समजावा. पण त्या तीन उल्लेखांतून एक नाव कसे हळूहळू फिके होत जाते ते पाहिले की मला भीती वाटते, आणि ही भीती मी जपून ठेवलेली आहे.

त्या सहीनंतर काही महिन्यांनी मी आद्य मंडळीच्या इतिहासाविषयी वाचत होते, आणि तिथे मला माझाच कागद सापडला. इ.स. 250च्या सुमारास रोमचा सम्राट डेसियस याने फर्मान काढले की साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवतांना यज्ञ अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. हे दाखले पपायरसवर लिहिलेले असत, आणि इजिप्तच्या कोरड्या वाळूत त्यांपैकी 40हून अधिक आजवर टिकून राहिले आहेत. त्यांचा मजकूर जवळजवळ ठरीव आहे. मी नेहमीच देवांना यज्ञ अर्पण करत आलो आहे, आत्ताही आपल्या समक्ष फर्मानाप्रमाणे अर्पण केले, पेय ओतले, यज्ञातले मांस चाखले, तरी आपण खाली प्रमाणित करावे ही विनंती. त्याखाली अधिकाऱ्यांची सही आणि तारीख.

त्या काळी बरेच ख्रिस्ती लोक डगमगले. काहींनी यज्ञ केला, काहींनी धूप जाळला. पण काही जणांनी तिसरा मार्ग काढला: त्यांनी यज्ञ केलाच नाही, अधिकाऱ्याला पैसे दिले आणि दाखला तेवढा घेतला. मूर्तीपुढे गेलो नाही, हात विटाळले नाहीत, तोंडाने ख्रिस्ताला नाकारले नाही. एक कागद घेतला, एवढेच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या पत्रांत या दाखलेवाल्या लोकांचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्यांच्यापैकी काहींना खरोखरच वाटत होते की आपण पाप टाळले आहे. यज्ञ करू नये हे आपण मंडळीत शिकलो होतो आणि तो आपण केला नाही, अशी त्यांची बाजू होती. मी ते वाचले तेव्हा शंभरदा मनात घोळवलेली माझी सगळी कारणे मला त्या तिसऱ्या शतकातल्या माणसांच्या तोंडून ऐकू आली. मीही खोटे बोलले नव्हते. मी एका टाइप केलेल्या वाक्याखाली सही केली होती.

सिप्रियनविषयी एक गोष्ट मला विशेष वाटते. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लावला गेला. पुढे 258 साली व्हॅलेरियनच्या कारकिर्दीत तो विश्वासासाठी मारला गेला. छळात डगमगून पडलेल्यांना परत घ्यायचे की नाही यावरून मंडळीत मोठी फूट पडली. ज्यांना दार कायमचे बंद करायचे होते असा एक कडक गट होता, आणि काहीच झाले नाही असे समजून सगळ्यांना लगेच प्रभुभोजनाला घ्यावे असे म्हणणारा दुसरा. सिप्रियन आणि त्याच्या सोबतचे बिशप यांनी प्रत्येकाची परिस्थिती पाहिली. दाखला घेणारे आणि यज्ञ करणारे यांत त्यांनी फरक केला, पण दाखला घेणे हे पतनच आहे हेही लपवले नाही, आणि पश्चात्तापानंतर परत येण्याची वाट मोकळी ठेवली. या दोन गोष्टी एकत्र धरणे किती अवघड आहे ते मंडळीत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असेल. आपल्याकडे एक तर पाठीमागे कुजबुज होते किंवा कौतुकाने पांघरूण घातले जाते. समोर बसवून, नाव घेऊन, हात धरून कोणी विचारत नाही.

याच्या आधीचा, इ.स. 112च्या सुमाराचा आणखी एक कागद आहे. बिथुनिया आणि पंत या प्रांतांचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले होते की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. त्याने चौकशी केली होती, दोन दासींना, ज्या मंडळीत सेविका होत्या, यातना देऊन विचारले होते, आणि हाती काय लागले ते त्याने नोंदवले. हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत गातात आणि शपथ घेतात. शपथ कसली, तर चोरी करणार नाही, लुबाडणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि ठेव परत मागितली असता नाकारणार नाही. हे शेवटचे कलम मी किती वेळा वाचले असेल. ज्यांच्या डोक्यावर मृत्यूची तलवार टांगलेली होती ती माणसे पहाटेच्या अंधारात एकत्र येऊन एकमेकांपाशी हे बोलत होती की शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेले पैसे आम्ही बुडवणार नाही. त्यांच्या मनात हुतात्मा होणे आणि हिशेब चोख ठेवणे ही दोन वेगळी खाती नव्हती. ज्याने वर्षानुवर्षे ठेवी परत केल्या तोच सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप टाकायला नकार देऊ शकत होता, असे मला आता वाटते. आम्ही मात्र मोठ्या नकाराची गाणी गातो आणि ठेवीचे कलम वकिलांवर सोडतो.

राजाचा हुकूम मोडून प्रार्थना केली म्हणून सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाची गोष्ट लहानपणी सिंहांमुळे आवडत असे. आता मला तिच्यातली खिडकी आवडते. दारयावेश राजाच्या हुकमाची मुदत फक्त 30 दिवसांची होती. तेवढे दिवस राजाखेरीज कोणाकडे काही मागायचे नाही, एवढाच कायदा. खिडकी लावून घेऊन मनातल्या मनात प्रार्थना केली असती तर कोणाला कळलेही नसते, आणि महिना सरल्यावर सगळे पूर्ववत झाले असते. लेखावर सही झाली आहे हे कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्याने दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना केली, पूर्वी करत असे तशी. सगळे त्या ‘पूर्वी करत असे तशी’ या शब्दांत आहे. त्याने त्या दिवशी धैर्य गोळा केले नाही. त्याने नेहमीचे काम केले. तरुणपणी बाबेलला आणल्यावर त्याने परके नाव स्वीकारले, खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकला, राजाची नोकरी पत्करली, आणि राजाचे अन्न मात्र घेणार नाही असा निश्चय ताट पुढे येण्यापूर्वी मनात केला. कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही, हे त्याने दाराशी कोणी ताटकळत असताना ठरवले नव्हते.

1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावपटू एरिक लिडेल 100 मीटरची शर्यत धावला नाही, कारण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याला ते कित्येक महिने आधी कळले होते, तेव्हाच त्याने नकार दिला आणि 400 मीटरची तयारी केली, हे कमी लोकांना ठाऊक असते. तो 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकला म्हणून आम्ही ती गोष्ट सांगतो. मला मात्र त्या गोष्टीचा शेवट पदकाशी करणे अप्रामाणिक वाटते. तो पुढे मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 साली, वयाच्या 43व्या वर्षी, जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत मेंदूतल्या गाठीने मरण पावला.

इथे मला मनापासून वाटणारी एक तक्रार नोंदवायची आहे. विश्वासात राहिले की बढती मिळते, प्रामाणिकपणाचे फळ म्हणून देव दुप्पट देतो, अशा साक्षी आपल्या उपासनांतून फार ऐकू येतात. ज्यांना तसे मिळाले त्यांचे मला वाईट वाटत नाही, आणि देव देत नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या साक्षी ऐकून बाकावर मागे बसलेल्या, खरे बोलून नोकरी गमावलेल्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार कोणी करत नाही. जगाने जे मोल ठरवले तेच मोल देवाच्या नावाने परत मागणे ही जगाशी समरूप होण्याची सर्वांत धार्मिक रीत आहे. शद्रख, मेशख आणि अबेदनगो या दानीएलाच्या सोबत्यांनी जळत्या भट्टीपुढे उभे राहून राजाला सांगितले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवले तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. या ‘तरीही’वर उभ्या असलेल्या साक्षी कमी का ऐकू येतात? ऑस्ट्रियातला एक शेतकरी, फ्रान्झ येगरश्टेटर, याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. त्याला पत्नी होती, लहान मुली होत्या, आणि त्याच्याच चर्चच्या वडीलधाऱ्यांनी त्याला कुटुंबाचा विचार कर असे समजावले होते. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध थांबले नाही, कोणी त्या वेळी त्याचे नाव घेतले नाही. 2007 साली कॅथलिक चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा त्याची पत्नी चौऱ्याण्णव वर्षांची होती. या माणसाच्या शेजारी माझा कागद ठेवायची मला लाज वाटते, आणि तरी ठेवते, कारण दोन्हींत प्रश्न एकच होता: माझे नाव कशाखाली असणार आहे?

मी तिसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे गेले. फार काही बोलता आले नाही. ती सही मी न मोजता केली, मला ती परत घ्यायची आहे, निदान तसे टिपण फाइलला लावायचे आहे, एवढे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “फाइल गेली आता. आणि तुम्ही असे काही लावलेत तर तुमच्या आधी सहा वर्षे ज्यांनी सह्या केल्या त्यांचे काय?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी टिपण लिहून दिले. ते फाइलला लागले की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतर काही सहकारी माझ्याशी जपून बोलू लागले, मी आले की विषय बदलू लागला, आणि त्यांतल्या एकीने, जिच्याशी माझी चांगली मैत्री होती, मला सरळ विचारले, “आम्ही सगळे काय चोर आहोत का?” ही जखम बढती न मिळण्यापेक्षा खोल होती. तिला समजावताना मला कळले की माझ्या पश्चात्तापातही थोडी फुशारकी मिसळलेली आहे, मी त्यांच्यापेक्षा बरी आहे असा एक सूर माझ्या आवाजात आहे, आणि तो तिला माझ्या आधी ऐकू आला होता. मी तिची क्षमा मागितली. त्या क्षमेला जितका वेळ लागला तितका टिपणाला लागला नव्हता.

बाकीचे दबाव मी इथे लांबवत नाही, कारण ते प्रत्येकाला आपापल्या घरातून दिसतात. मुलांचे गुण, नातेवाइकांची घरे, हातातल्या पडद्यावर दिवसभर सरकणारे दुसऱ्यांचे सुख, आणि या सगळ्यामुळे प्रार्थनेच्या वेळी डोक्यात चालणारा हिशेब. पेरणाऱ्याच्या दाखल्यात येशूने काटेरी झुडपांविषयी जे सांगितले ते इथे लागू पडते. काट्यांतले बी मरत नाही, उगवते. संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह त्याची वाढ खुंटवतात आणि ते निष्फळ होते. रोप हिरवे असते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

पुढच्या वर्षी पडताळणीचा महिना आला तेव्हा मी आठ दिवस आधी भांडाराची किल्ली मागून घेतली. माझ्याबरोबर एक तरुण कारकून होता, त्याला हे सगळे अनावश्यक वाटत होते आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आत धूळ होती, एक दिवा लागत नव्हता. आम्ही खुर्च्या मोजल्या, मोडक्या वेगळ्या काढल्या, कपाटांवरचे रंगाने लिहिलेले क्रमांक ओल्या फडक्याने पुसून वाचले. रजिस्टरमध्ये खुर्च्या 64 होत्या, आम्हाला 57 सापडल्या. तो म्हणाला, “मॅडम, सात इकडेतिकडे असतील, 64च लिहू या का?” मी म्हटले, “अजून एकदा मोजू.” दुसऱ्यांदाही 57च भरल्या. मी तो आकडा लिहिला आणि त्याच दिवसाची तारीख टाकली. त्या सात खुर्च्यांवरून पुढे तीन महिने पत्रव्यवहार चालला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, असे सांगितले. शिपायांना म्हणाला, कोणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त असा. वाळवंटात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा तो माणूस दुसऱ्यांना वाळवंटात बोलावत नव्हता. मला हे वाचून धीर येतो. पण सगळे प्रश्न खुर्च्यांसारखे मोजून सुटत नाहीत, आणि जे सुटत नाहीत त्यांच्यासाठी मी नामानाकडे जाते.

अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाला आणि इस्राएलाच्या देवाखेरीज दुसऱ्या कोणाला यज्ञ अर्पण करणार नाही असे त्याने एलीशा संदेष्ट्याला सांगितले. दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती त्याने मागून घेतली. आणि मग एक अवघडलेली विनंती केली: माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात पूजेला जातो तेव्हा तो माझ्या हातावर टेकतो, आणि त्याच्याबरोबर मलाही वाकावे लागते; एवढ्या गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. दानीएलाची खिडकी ज्या शास्त्रात आहे त्याच शास्त्रात ही विनंती आहे. एलीशाने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तो म्हणाला, शांतीने जा. या उत्तराला मुभा म्हणावे की आणखी मोठी जबाबदारी, हे मी ठरवू शकलेले नाही, आणि पाळकांना विचारले तेव्हा त्यांनीही घाईने उत्तर दिले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एवढे मात्र दिसते की नामानाने वाकण्याला दुसरे नाव दिले नाही. ‘नुसते वाकणे तर आहे’ असे तो म्हणाला नाही. तो क्षमा म्हणाला.

त्यानंतर काय झाले ते लिहिलेले नाही. मी मनाशी त्याचा परतल्यानंतरचा पहिला दिवस पाहते. पहाटे त्याने अंगणात ती परकी माती पसरली असेल, तिच्यावर गुडघे टेकले असतील, कपाळाला थोडी माती लागली असेल. मग सेनापतीचा पोशाख चढवून तो राजवाड्यात गेला असेल, आणि मंदिराच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्या राजाने नेहमीसारखा त्याच्या हातावर भार टाकला असेल.